हौशी धावपटूंची मंडळे : त्यांचा उगम व आपला यवतचा रस्ता



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी वंशावळी, देवस्थाने, विवाह-वार्ता, विद्यार्थ्यांचे गुणगौरव व दिवंगतांचे स्मरण यांस स्थान मिळते व ते योग्यच आहे. यंदा वेगळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे मनात आले. यवत व परिसरातील आपली पुष्कळ मुले-मुली पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. कोणी पोलीसभरतीसाठी, कोणी सैन्यभरतीसाठी, तर कोणी केवळ प्रकृतीसाठी व हौसेसाठी धावतात. या मुलांचे एखादे हौशी मंडळ असावे, असा विषय मधूनमधून बोलण्यात निघतो. तेव्हा अशी मंडळे प्रथम कोठे निघाली, आपल्या पुणे जिल्ह्यात त्यांचा पाया कसा घातला गेला आणि त्या इतिहासापासून आपण काय घ्यावे, हे यथामति सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मंडळापूर्वीचे पाय

धावणे ही काही परदेशातून आलेली विद्या नव्हे. ज्या रस्त्यावर आपले यवत वसले आहे, तो पुण्याहून पूर्वेस सोलापुराकडे जाणारा मार्ग शतकानुशतके पायांनीच तुडवलेला आहे. पेशवाईत सरकारी व सावकारी पत्रे नेणारे जासूद व कासीद मजलदरमजल चालत व धावत असत. वाटेत दगाफटका झाला तरी पत्र पोहोचावे म्हणून ते बहुधा जोडीने निघत. म्हणूनच त्या काळच्या पत्रव्यवहारात ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार आढळतो. त्यांना मिळणाऱ्या मजुरीस ‘अजुरा’ म्हणत. पुढे इंग्रजी अमलात टपालाची थैली पाठीवर घेऊन धावणारा हरकारा आला. त्याच्या काठीच्या घुंगरांचा नाद ऐकून लोक वाट देत असत. 1858 साली पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग सुरू झाला, तो याच भागातून गेला. लांब पल्ल्याचे टपाल गाडीने जाऊ लागले, तसे पायी टपालाचे महत्त्व ओसरत गेले.

दुसरी परंपरा अर्थातच वारीची. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास देहूहून पालखी नेण्याची प्रथा घातली. तो सोहळा लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला येतो व येथून वरवंडकडे निघतो. त्या दिवशी गावात होणाऱ्या पिठले-भाकरीच्या पंगतीचे वर्णन यवतकरांस सांगावयास नकोच. लोणीहून यवतपर्यंतची ती मजल वारीतील लांब मजलांपैकी एक आहे आणि ती साठी-सत्तरीतील माणसे डोक्यावर तुळस घेऊन चालून येतात.

सांगावयाचा मुद्दा असा की, जासूद पोटासाठी धावला व वारकरी भक्तीसाठी चालला. पाय होते, दमही होता. परंतु कोण किती वेगाने गेला याची नोंद ठेवण्याचे कोणास प्रयोजन नव्हते. निव्वळ हौसेखातर एकत्र जमून, अंतर मोजून व वेळ लावून धावावे, ही कल्पना मात्र पुढची आहे.

विलायतेत झालेला आरंभ

ती कल्पना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आकारास आली. तेथे पूर्वी पैजा लावून पायी शर्यती होत. त्यांत पैशाची उलाढाल मोठी असे व लबाडीही होत असे. त्यास कंटाळून सुखवस्तू घरांतील विद्यापीठीय तरुणांनी 1866 साली लंडनमध्ये हौशी मैदानी खेळांचा एक क्लब काढला. 1868 साली ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हे मंडळ निघाले. शेतांतून व माळरानावरून लांब पल्ल्याने धावणाऱ्यांचे ते आद्य मंडळ मानले जाते. कागदाचे कपटे टाकीत पुढे पळणारे ‘ससे’ आणि त्यांच्या मागावर निघालेले ‘शिकारी कुत्रे’ असा तो मूळचा खेळ होता व त्यावरूनच हे नाव आले.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. 1866 च्या त्या क्लबाने ‘हौशी’ कोणास म्हणावे याची व्याख्या केली. पैशासाठी धावणारा हौशी नव्हे, एवढ्यावर ती व्याख्या थांबली असती तर तक्रारीस जागा नव्हती. परंतु यंत्रावर काम करणारा, कारागीर किंवा मजूर यांसही त्या व्याख्येने बाहेर ठेवले. अंगमेहनतीने शरीर बळकट झालेल्या माणसाबरोबर सभ्य गृहस्थाने शर्यत लावू नये, असा तो विचार होता. दार कोणास उघडावे हे पायांच्या वेगावरून न ठरता जन्म व धंदा यांवरून ठरले. 1880 साली ऑक्सफर्ड येथे हौशी मैदानी खेळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिने ही अट काढून टाकली. म्हणजे कष्टकऱ्यांना त्या दारातून आत यावयास चौदा वर्षे लागली.

आपण भारतीय लोक जातिभेदाबद्दल बोलणी ऐकून घेतो व ती ऐकून घेण्याजोगी आहेतच. परंतु मेहनत करणारास हलका मानण्याचा रोग केवळ आपल्याच देशात होता असे नाही. त्यावर काळानेच उत्तर दिले. 1896 साली अथेन्स येथे अर्वाचीन ऑलिंपिक सामने प्रथम भरले, त्यांत मॅरेथॉनची लांब शर्यत कोणी जिंकली? अथेन्सजवळच्या एका खेड्यातील स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहून पोट भरणाऱ्या तरुणाने!

पुण्याचा डेक्कन जिमखाना

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. मुठेच्या पलीकडे तेव्हा मोकळी जागा होती. गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यांत एतद्देशीयांस प्रवेश दुर्मिळ, म्हणून आपल्या लोकांसाठी आपली संस्था असावी, ही त्या काळाची निकड होती. तालमी व आखाडे पुण्यात पूर्वापार होतेच. जिमखान्याने देशी खेळांस नियमांची चौकट देण्याचे कार्य हाती घेतले. खो-खो हा आपला धावण्याचाच खेळ आहे. त्याच्या नियमांचा पहिला आराखडा 1914 साली येथेच तयार झाला. तोवर गावोगाव वेगळा खेळ होता. नियम लिहिले गेल्यावर एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी भांडण न करता खेळू शकला. संस्था म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला तरी सुचत नाही.

या जिमखान्याच्या मैदानी सामन्यांस 1919 साली अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा यांस पाचारण करण्यात आले. जमशेटजींचे हे ज्येष्ठ पुत्र. विलायतेत शिकलेले व तेथील मैदानी खेळांत मुरलेले. मुंबईच्या शाळाशाळांतून खेळांच्या स्पर्धा सुरू करण्याच्या कामी त्यांचा पुढाकार होता. पुण्यास त्यांनी काय पाहिले, ते त्यांनी 1929 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. त्याचा आशय असा की, शर्यतींत उतरलेली मुले बहुतांशी शेतकरी होती. ती शेतात राबणारी व साध्या अन्नावर वाढलेली होती. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते व नियमांची माहितीही नव्हती. शंभर यार्डांची शर्यत सरळ पट्ट्यावर दोऱ्या लावून घ्यावयाची, ती वळणावर दोऱ्यांवाचून घेण्याचा बेत होता. परंतु सर्वांच्या उत्सुकतेचा विषय म्हणजे सुमारे 25 मैलांची लांब शर्यत. खडीच्या कठीण रस्त्यावर ही मुले अनवाणी धावली आणि त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगा होता.

पंचवीस मैल म्हणजे सुमारे 40 किलोमीटर. पुणे ते यवत हे अंतरही ढोबळमानाने तेवढेच भरते. यवतच्या वाचकाने मनाशी एवढेच कल्पावे की, एखादा मुलगा पुण्याहून अनवाणी निघाला आणि खडीवरून न थांबता धावत आपल्या गावच्या वेशीत शिरला. त्या मुलांनी केले ते असे होते.

इंग्लंडातील हौशी मंडळाने ज्या मजुरास प्रथम दाराबाहेर ठेवले, त्याच वर्गातील मुले पुण्याच्या मैदानावर मधोमध उभी होती. आपल्याकडील संघटित धावण्याच्या इतिहासाचे मोठेपण मला येथे दिसते. पाय शेतकऱ्याचे होते. जिमखान्याने त्यांस मोजलेले अंतर, चालू घड्याळ, नियम जाणणारा पंच आणि निकाल लिहिणारी वही दिली. या चार वस्तू नसत्या तर ती मुले तितक्याच वेगाने धावली असती, पण जगास त्याचा पत्ता लागला नसता.

अँटवर्पची शर्यत

दोराबजींनी तो वेग ओळखला आणि ही मुले ऑलिंपिकला का जाऊ नयेत असा प्रश्न उभा केला. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळवून त्यांनी 1920 साली बेल्जममधील अँटवर्प येथे भरणाऱ्या सामन्यांत भारतास प्रवेश मिळवला. त्याच वर्षी पुण्यास निवडीचे सामने झाले. खर्चासाठी वर्गणी जमवण्यात आली व दोराबजींनी पदरचे द्रव्यही घातले. नॉर्मन प्रिचर्ड हे 1900 साली पॅरिसला एकटे धावले होते हे खरे. परंतु भारताचा म्हणून संघ गेला तो हा पहिला.

संघ लहानच होता. बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी पल्ल्याच्या शर्यतींसाठी होते. लांब पल्ल्यासाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले व त्यांच्या जोडीस सदाशिव दातार होते. कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. शिंदे यांनी कुस्तीत उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आता ते कर्नाटक राज्यात आहे. पण चौगुले यांचे नाव मराठी मुलुखाने आपलेच मानले.

दि. 22 ऑगस्ट 1920 रोजी मॅरेथॉन झाली. या शर्यतीचे अंतर आज 42.195 किलोमीटर ठरलेले आहे. अँटवर्पला मात्र ते 42.75 किलोमीटर होते व ऑलिंपिकच्या इतिहासात तेच सर्वांत लांब भरले. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत पहिले आले. फडेप्पा चौगुले यांनी 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद घेतले व एकोणिसावा क्रमांक मिळवला.

एकोणिसावा क्रमांक ऐकून तरुण वाचक कदाचित नाक मुरडील. त्याने थोडा हिशेब करून पाहावा. तो वेळ एका किलोमीटरला जवळजवळ 4 मिनिटे असा पडतो. भरतीच्या मैदानावर आपली मुले 1600 मीटर धावतात. या गतीने ते अंतर 6 मिनिटे 24 सेकंदांत पुरे होते. आजच्या मुलास तेवढे जमेलही. परंतु चौगुले यांनी तीच गती न मोडता असे 1600 मीटर सलग सव्वीसाहून अधिक वेळा पुरे केले. तेही समुद्रापार, परक्या हवेत व परक्या अन्नावर. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही हा हिशेब आपण मांडू शकतो, याचे कारण कोणीतरी घड्याळ लावले आणि आकडा लिहून ठेवला.

त्यानंतरची वाटचाल

अँटवर्पच्या प्रयत्नातून देशभर हालचाल सुरू झाली. प्रांतोप्रांती ऑलिंपिक संघटना निघाल्या. 1924 साली अखिल भारतीय सामने भरले व त्यांतून पॅरिसच्या ऑलिंपिकसाठी खेळाडू निवडले गेले. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुण्यातच 1983 साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि रस्त्यावरून धावणे हा सर्वसामान्य नागरिकाच्याही हौसेचा विषय बनला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहरांतून हौशी धावपटूंचे गट ठिकठिकाणी उभे राहिले. नोकरदार, डॉक्टर, गृहिणी व पेन्शनर अशी सर्व प्रकारची मंडळी रविवारी पहाटे एकत्र जमून धावू लागली.

तथापि उंच निशाण फडकवणारे पाय पुन्हा खेड्यांतूनच आले. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली व दहावा क्रमांक मिळवला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे शेतकरी कुटुंबातील. मांडवा हे त्यांचे गाव. सैन्यात भरती झाल्यावर त्यांच्या पायांतील गुण शिक्षकांच्या नजरेस आला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी याच शर्यतीत 8 मिनिटे 11.20 सेकंद वेळ देऊन रौप्यपदक पटकावले आणि 2023 साली हांगचौ येथे आशियाई सुवर्णपदक मिळवले. 1919 साली दोराबजींना जे दिसले ते शंभर वर्षांनीही खरे ठरले. दुष्काळी मुलुखात गुणांचा दुष्काळ नसतो. उणीव असते ती गुण वेळेवर हेरणाऱ्या व्यवस्थेची.

आपण काय करावे

एवढा इतिहास सांगून झाल्यावर आपल्या घरची गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपली मुले-मुली आज कोठे धावतात? कित्येक जण महामार्गाच्या कडेने धावतात. पहाटेच्या अंधारात उसाचे ट्रॅक्टर, मालमोटारी व भरधाव एसटी त्यांच्या अंगावरून जातात. काही जण कालव्याच्या भरावाची वाट धरतात, तर काही भुलेश्वराच्या चढाकडे वळतात. अंतर अंदाजाने धरले जाते आणि वेळ मोबाईलवर पाहून दुसऱ्या दिवशी विसरली जाते. भरतीत नाव लागले तर पेढे वाटले जातात. न लागले तर तो मुलगा धावणेच सोडून देतो. त्याच्या पायांत मध्यम वा लांब पल्ल्याचा गुण होता की काय, हे कोणी पाहिलेलेच नसते. मुलींची अडचण तर याहून मोठी आहे. भरतीसाठी त्यांना 800 मीटर धावावे लागते, पण सोबत नाही म्हणून कित्येकींचा सराव घरच्या अंगणापलीकडे जात नाही.

शाळेत असताना क्रीडादिनी पटांगणावर फक्कीच्या रेघा मारण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. त्या अनुभवावरून सांगतो की, मंडळ उभारावयास मोठी रक्कम लागत नाही. मोजपट्टीने एकदा नीट मोजलेले मैदान किंवा वाहने नसलेली वाट, एक चांगले स्टॉपवॉच, नियम जाणणारा एक वडीलधारा मनुष्य आणि एक जाड वही, एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. डेक्कन जिमखान्यानेही शेतकऱ्यांच्या मुलांस याहून फारसे वेगळे काही दिले नव्हते. ज्ञातिमंडळाने पहिल्या वर्षाचा भार उचलावा, गावातील निवृत्त सैनिक व शिक्षक यांनी आळीपाळीने पहाटे हजर राहावे आणि मुलींसाठी घरातील एखाद्या स्त्रीने सोबतीस यावे. वही मात्र प्रामाणिकपणे लिहावी. नाव, वय, अंतर, वेळ व दिनांक, एवढे पुरे आहे. आज जो मुलगा मागे पडला, त्याची सहा महिन्यांनंतरची वेळ पाहून त्याचे त्यालाच बळ येईल.

शेवटची सूचना थोडी नाजूक आहे, पण वयाच्या अधिकाराने करतो. हे मंडळ आपल्या ज्ञातीच्या पैशाने निघाले तरी त्याचे दार आपल्या ज्ञातीपुरते असू नये. आपली ज्ञातिसंस्था विवाह, शिक्षण व अडीअडचणी यांत एकमेकांस आधार देण्यासाठी आहे व ते कार्य तिने अवश्य करावे. परंतु मैदानाचे शास्त्र निराळे आहे. 1866 साली लंडनच्या क्लबाने मजुरास बाहेर ठेवले आणि त्यामुळे आपल्याच मैदानाची उंची कमी करून घेतली. ज्याच्याशी धावून आपला मुलगा वेगवान होईल, तो मुलगा कदाचित शेजारच्या वस्तीवरचा, गुऱ्हाळावर कामास आलेल्या कुटुंबातील किंवा ऊसतोड्याचाही असेल. त्यास वगळून मिळवलेला पहिला क्रमांक हा खरा पहिला क्रमांक नव्हे. यवतची पालखीची पंगत कोणाची जात विचारून वाढली जात नाही. धावण्याच्या रेषेवरही तोच रिवाज असावा.

आपल्या वडिलांनी शाळा, धर्मशाळा व विहिरी यांसाठी वर्गणी दिली, तिचे फळ आज आपण भोगतो आहोत. आपल्या पिढीने एक मोजलेली वाट व एक वही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीशेजारी यवतच्या धावणाऱ्या मुला-मुलींची नावे त्यांच्या वेळांसह छापलेली पाहावयास मिळोत, अशी श्रीकाळभैरवनाथाचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.